सर्कशीच्या चित्रांखाली कलावंतांची नावेही हवीत

मा. संपादक,

स. न.

पारंपरिक सर्कशीवरील एक कलाप्रदर्शन नुकतेच पाहण्यात आले. चित्रे, भित्तिपत्रके, जुनी छायाचित्रे, पोशाख आणि काही प्रत्यक्ष साहित्य अशी त्याची भरगच्च मांडणी आहे आणि ती करणाऱ्यांनी मनापासून कष्ट घेतले आहेत, हे पहिल्याच दालनात जाणवते. सर्कस हा विषय आपल्याकडे कलादालनात सहसा येत नाही, त्यामुळे आयोजकांचे अभिनंदन आधी करायला हवे. मात्र प्रदर्शन पाहताना एक गोष्ट सतत खटकत गेली आणि ती या एका प्रदर्शनापुरती मर्यादित नसल्याने जाहीरपणे मांडावीशी वाटते. चित्रकाराचे नाव, छायाचित्रकाराचे नाव, संग्राहकाचे नाव प्रत्येक चौकटीखाली ठळक अक्षरांत आहे. चौकटीच्या आत ज्याने जीव धोक्यात घालून खेळ केला, त्याचे नाव बहुतेक ठिकाणी नाही. भारतीय सर्कशीच्या भागात तर ते जवळजवळ कुठेच नाही.

पहिल्या दालनात एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या सर्कसचित्रांच्या चांगल्या प्रतिकृती आहेत. ‘सिर्क फर्नांदो’ या एका सर्कशीने तिथल्या चित्रकारांना किती विषय पुरवले, हे तेथे एका नजरेत कळते. एदगार दगा याने १८७९ मध्ये काढलेल्या ‘मिस ला ला’च्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी राहिले. दोराच्या टोकाची पकड दातांत धरून ती सर्कशीच्या घुमटापाशी लोंबकळते आहे, हात दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत, गुडघे मागे मुडपलेले आहेत आणि चित्रकाराने तिला खालून, प्रेक्षकाच्या जागेवरून पाहिलेले असल्यामुळे तिच्या ताणलेल्या मानेवर सगळ्या शरीराचा भार कसा आला आहे, ते आपल्याला स्पष्ट दिसते. या चित्रासाठी दगाने जानेवारी महिन्यात सर्कशीत बसून रेखाटने केली होती. मिस ला ला ही १८५८ मध्ये श्टेटिन येथे जन्मलेली कृष्णवर्णीय कलावती होती, तिचे मूळ नाव आना ओल्गा आल्बेर्टिना ब्राऊन असे होते आणि दातांनी तोफ पेलून धरायची व ती तशीच लोंबत असताना डागायची, हा तिचा सर्वांत गाजलेला खेळ होता. हे सगळे आज आपल्याला सांगता येते, कारण दगाने चित्राच्या नावातच तिचे रंगमंचावरचे नाव ठेवले आणि पुढच्या अभ्यासकांना तो धागा धरून तिच्यापर्यंत पोहोचता आले.

त्याच वर्षी, त्याच सर्कशीतील दोन मुली ओग्युस्त रन्वार याने रंगवल्या. खेळ संपला आहे, प्रेक्षकांनी कौतुकाने रिंगणात संत्री फेकली आहेत आणि धाकट्या मुलीच्या कवेत ती मावत नाहीत, असा तो क्षण आहे. त्या मुलींची नावे फ्रान्सिस्का आणि अँजेलिना वार्टेनबर्ग. सर्कशीचे मालक फर्नांदो वार्टेनबर्ग यांच्या त्या मुली. सर्कशीतल्या गॅसच्या दिव्यांचा प्रकाश रन्वारला नको होता, म्हणून त्याने त्यांना आपल्या चित्रशाळेत उभे करून दिवसाच्या उजेडात हे चित्र पूर्ण केले. प्रदर्शनातील माहितीफलकावर ही नावे आणि ही हकीकत दोन्ही आहेत, हे मुद्दाम नमूद करते. म्हणजे नावे लिहिण्याचे महत्त्व आयोजकांना ठाऊक नाही, असे मुळीच नाही.

जॉर्ज सरा या चित्रकाराचे ‘सर्कस’ हे १८९१ मधील अपुरे राहिलेले चित्र आणि तुलूझ-लोत्रेक याने १८९९ मध्ये रुग्णालयात असताना केवळ स्मरणाच्या बळावर काढलेली सर्कशीची रेखाटने यांच्याविषयी अधिक माहिती मिळाली असती तर बरे झाले असते. नजरेसमोर सर्कस नसताना घोड्याचा वेग, स्वाराचा तोल आणि रिंगमास्टरच्या चाबकाची वळणे एखादा माणूस इतकी अचूक काढू शकतो, याचा अर्थ त्याने आधी किती बारकाईने सर्कस पाहिली असेल, हा विचार ती रेखाटने पाहताना मनात येतोच.

रिंगणाविषयीच्या फलकाबाबत मात्र माझा मतभेद आहे. सर्कशीचे वर्तुळ हे जीवनचक्राचे, अनंततेचे प्रतीक असल्याचे तेथे म्हटले आहे. चित्रकारांनी तसा अर्थ घेतला असेल आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण ते रिंगण वर्तुळाकार का झाले याचे कारण याहून साधे आणि माझ्या मते याहून सुंदर आहे. घोडदळातून निवृत्त झालेला फिलिप ॲस्टली याने १७६८ मध्ये लंडनमध्ये टेम्स नदीच्या दक्षिण काठावर अश्वारोहणाचे खेळ सुरू केले. घोडा एका लयीत गोल धावत राहिला की त्याच्या पाठीवर उभा असलेला स्वार किंचित आत झुकून आपला तोल साधू शकतो, सरळ रेषेत धावणाऱ्या घोड्यावर हे फार अवघड जाते. वर्तुळ फार लहान केले तर घोड्याला वेग घेता येत नाही आणि फार मोठे केले तर स्वाराला बाहेरच्या बाजूला ओढणारा जोर अपुरा पडतो. ॲस्टलीने बदल करत करत जे माप ठरवले, ते बेचाळीस फूट व्यासाचे, म्हणजे सुमारे तेरा मीटरचे. हेच माप पुढे जगभर रुळले आणि त्यामुळे एका देशात तयार झालेला घोडा दुसऱ्या देशातील रिंगणात तेवढ्याच पावलांत फेरी पूर्ण करू लागला. घोडा, माणूस आणि माती या तिघांनी मिळून काढलेले ते वर्तुळ आहे. हे एका आकृतीने समजावून सांगितले असते तर सोबत आलेल्या मुलांनाही सराच्या चित्रातील घोडेस्वार मुलगी तशी तिरकी का उभी आहे, ते कळले असते.

विदूषकांच्या चित्रांबद्दलही थोडे लिहिते. समकालीन चित्रकारांच्या दालनात विदूषक पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक सगळे दुःखी आहेत. रंगवलेल्या हसऱ्या ओठांवरून ओघळलेला अश्रू ही कल्पना तेथे पुन्हा पुन्हा भेटते. काही चित्रे रंगांच्या दृष्टीने निश्चितच चांगली आहेत. पण विदूषकाचे कसब त्यांतल्या एकातही दिसत नाही. ॲस्टलीच्या काळातील एक लोकप्रिय खेळ म्हणजे ब्रेंटफर्डला निघालेल्या शिंप्याचा. त्या शिंप्याला घोड्यावर धड बसता येत नाही, तो एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला पडतो, घोडा हलत नाही आणि हलला की त्याला पाडून त्याच्याच मागे लागतो. असा खेळ करायला साध्या घोडेस्वारापेक्षा कितीतरी चांगला घोडेस्वार लागतो. आपल्याकडच्या सर्कशीतही दोन खेळांच्या मधल्या वेळात, जाळी बांधली जात असताना किंवा पिंजरे हलवले जात असताना हजारो प्रेक्षकांचे लक्ष धरून ठेवायचे काम विदूषक करतात, आणि झुल्याच्या खेळाच्या शेवटी ढगळ विजार सांभाळत, चुकल्याचे सोंग करत जो जाळीत पडतो, तो त्या संचातील कसलेला झुलेकरी असतो. बुटक्या अंगलटीच्या कलावंतांना तर प्रेक्षकांनी केवळ उंचीवरून हसून घेतले आणि त्यांच्या कोलांट्यांकडे, वेळ साधण्याच्या कौशल्याकडे कुणी नीट पाहिले नाही. चित्रकारांनी निदान ते पाहावे, अशी अपेक्षा करणे चूक ठरणार नाही.

आता ज्या भागासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येते. भारतीय सर्कशीला या प्रदर्शनात एक भिंत आणि दोन काचपेट्या मिळाल्या आहेत. मराठी माणसाला हे जास्त जाणवावे, कारण भारतीय सर्कशीचा उगमच आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आहे. कुरुंदवाड संस्थानच्या अश्वशाळेचे प्रमुख असलेले विष्णुपंत मोरेश्वर छत्रे यांनी मुंबईत जुझेप्पे कियारिनी यांच्या इटालियन सर्कशीचे खेळ पाहिले आणि असा खेळ आपल्या माणसांना घेऊन उभा करता येईल, या जिद्दीने १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ सुरू केली. छत्रे मुळात गाणे शिकायला ग्वाल्हेरला गेले होते. तेथे हद्दू खाँसाहेबांकडे गाण्याचे आणि त्याच शहरात घोड्याच्या विद्येचे असे दोन्ही शिक्षण त्यांनी घेतले. पुढे हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ भ्रमिष्ट अवस्थेत फिरत असल्याचे कळल्यावर छत्र्यांनी त्यांना शोधून आपल्याजवळ आणले, सर्कशीबरोबर गावोगाव सांभाळले आणि विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनीही ती जबाबदारी निभावली. ‘भूगंधर्व’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायकाचा उत्तरकाळ एका सर्कशीच्या आश्रयाने गेला, ही गोष्ट आपल्या संगीताच्या इतिहासात सांगितली जाते. सर्कशीच्या प्रदर्शनात मात्र ती नाही. सर्कशीचा मालक हा त्या काळच्या समाजात किती मोठा कलाश्रयदाता असू शकत होता, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

छत्र्यांची सर्कस १८८० च्या दशकात मलबारात तलश्शेरीला गेली तेव्हा तेथील कीलेरी कुन्हिकण्णन या कलरी (केरळची पारंपरिक युद्धकला) आणि व्यायामविद्येच्या शिक्षकाशी त्यांची गाठ पडली. त्या भेटीतून तलश्शेरीत सर्कशीच्या शिक्षणाला चालना मिळाली आणि १९०१ मध्ये कुन्हिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा येथे सर्कशीची शाळाच काढली. तिथून तयार झालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या शिष्यांनी पुढची कित्येक दशके भारतातील सर्कशी चालवल्या. आपल्याकडे म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची, शेलारांची अशा सर्कशी निघाल्या, बंगालमध्ये प्रियनाथ बोस यांची सर्कस निघाली आणि तिच्यात सुशीलासुंदरी वाघांबरोबर खेळ करू लागल्या. पुण्यात १९०२ मध्ये जन्मलेले दामू धोत्रे आपल्या मामांच्या, म्हणजे शेलारांच्या सर्कशीतून शिकून निघाले, युरोपात नावाजले गेले आणि १९४० पासून अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सर्कशीत वाघ-बिबट्यांचे खेळ करू लागले. त्यांच्या नावाची अमेरिकेत भित्तिपत्रके छापली गेली. या प्रदर्शनात परदेशी भित्तिपत्रकांना अख्खे दालन असताना त्यांत धोत्र्यांचे एकही नसावे, याचे वाईट वाटले.

या भिंतीवर एक मोठे कृष्णधवल छायाचित्र आहे. झुल्याचा खेळ सुरू होण्यापूर्वी एक मुलगी उंच फळीवर उभी आहे, एका हाताने तिने झुल्याची दांडी धरली आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा ती कमरेच्या बाजूला पुसते आहे. तळव्याला लावलेली पांढरी पूड तिच्या पोशाखावर उमटलेली दिसते. मनगटाला गुंडाळलेल्या पट्टीचे टोक सुटले आहे. बोटांच्या मुळाशी, जिथे दांडी घासते तिथे, कातडी जाड होऊन तिच्या कडा उचललेल्या आहेत आणि छायाचित्र इतके स्पष्ट आहे की त्यांतली एक कड फाटलेली आहे हेही कळते. तिची नजर खाली प्रेक्षकांकडे नाही. समोरच्या झुल्यावर कुणीतरी उलटे लटकून झोके घेत असणार, त्याच्या झोक्याची गती ती मोजते आहे. हे छायाचित्र या प्रदर्शनातील सर्वोत्तम कलाकृतींपैकी एक आहे, असे माझे मत आहे. त्याखाली छायाचित्रकाराचे नाव आहे, छपाईची पद्धत आहे, आकार आहे, संग्रहाचे नाव आहे आणि शीर्षक आहे ‘झुल्यावरील मुलगी’.

त्याच भिंतीवर पुढे एका हत्तीचे छायाचित्र आहे. त्याखाली हत्तीचे नाव दिले आहे. हत्तीचे नाव जपले गेले याचा मला आनंदच आहे. त्याच चित्रात सोंडेवर बसलेल्या मुलीचे नावही त्याच माणसांना ठाऊक असणार होते, एवढेच सांगायचे आहे.

जवळच्या काचपेटीतील पोशाखाचीही तीच कथा. तो दुरून चकाकतो, पण जवळ जाऊन पाहिले की चकाकीची टिकली न् टिकली हाताने शिवलेली दिसते. काखेत, जिथे हात वर ताणला की कापड उसवते तिथे, वेगळ्या रंगाच्या कापडाची चौकोनी पट्टी जोडलेली आहे आणि पाठीवरच्या बंदाजवळ तीन वेगवेगळ्या दोऱ्यांचे रफू आहे. ज्या बाईने तो घातला, तिनेच बहुधा तो तंबूतल्या उजेडात दुरुस्त केला असावा, कारण सर्कशीत बहुतेकांना आपापले कपडे स्वतःच सांभाळावे लागत. चिठ्ठीवर ‘सर्कशीचा पोशाख, विसावे शतक’ एवढेच लिहिले आहे.

कुणी म्हणेल, नावाने चित्राच्या सौंदर्यात काय भर पडते? माझ्या मते पडते, आणि ती झुल्याच्या खेळाच्या बाबतीत सहज दाखवता येते. ज्यूल लेओतार याने १८५९ मध्ये पॅरिसला एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेण्याचा खेळ प्रथम केला, तेव्हा तो एकटा होता आणि खाली जाळी नव्हती, गाद्या होत्या. नंतर समोरच्या झुल्यावर झेलणारा आला आणि हा खेळ दोघांचा झाला. झेलणारा पाय दोरांत अडकवून उलटा लटकतो, त्याच्या झोक्याची लय ठरलेली असते आणि उडणाऱ्याने आपली उडी त्या लयीत बसवायची असते. पकड बोटांना बोटे भिडवून होत नाही, मनगटाने मनगट धरले जाते, म्हणजे एकाची पकड निसटली तरी दुसऱ्याची टिकते. चुकल्यास जाळीत कसे पडायचे हे सर्वांत आधी शिकवतात, कारण पायांवर पडले तर घोटे आणि गुडघे मोडतात. पाठीवर, हनुवटी छातीशी घेऊनच पडावे लागते. प्रदर्शनातील बहुतेक चित्रांत एकटीच देहाकृती निळ्या पोकळीत तरंगताना दाखवली आहे. झेलणारा चित्रात नाही, जाळी नाही, जाळीचे दोर ताणून धरणारी खालची माणसेही नाहीत. स्वातंत्र्याचे रूपक म्हणून ती चित्रे समजू शकतात, पण प्रत्यक्षात तो दुसऱ्यावर टाकलेल्या विश्वासाचा खेळ आहे. जी दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांची मनगटे धरत आली, त्यांची नावे जोडीने लिहिली गेली तर पाहणाऱ्याला चित्रात काय नाही तेही दिसू लागेल.

दालनाच्या मध्यभागी एक खरा झुला टांगला आहे आणि त्यावर रंगीत प्रकाश सोडला आहे. त्याची दांडी मात्र आपल्या खांद्याच्या उंचीवर आहे. ती तिच्या खऱ्या उंचीवर, छताशी टांगली असती आणि आपल्याला मान वर करून पाहावे लागले असते तर दगा कुठे बसून चित्र काढत होता, ते प्रत्येकाला शब्दांवाचून समजले असते.

एका बाबतीत प्रदर्शनाने मौन पाळले आहे आणि ते योग्य वाटले नाही. सर्कशीतील जनावरांचे हाल आणि लहान मुलांना कामाला जुंपण्याची प्रथा यांचा तेथे उल्लेखही नाही. केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी वापरण्यावर बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि २०११ मध्ये याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली. हे निर्णय योग्यच होते. अरुंद पिंजऱ्यात आयुष्य काढणाऱ्या वाघाविषयी किंवा घरापासून दूर, कराराने बांधल्या गेलेल्या मुलीविषयी हळहळ वाटत असताना त्यांच्या कसबाचे कौतुकही वाटू शकते, आणि प्रौढ प्रेक्षकाला या दोन्ही गोष्टी एकत्र पाहता यायला हव्यात. उलट नावे लिहायला घेतली की हा प्रश्न टाळताच येणार नाही, कारण नावाबरोबर वय येते, गाव येते, ती सर्कशीत कशी आली आणि तिला काय मिळाले हे येते. ‘झुल्यावरील मुलगी’ या शीर्षकाखाली हे सगळे झाकले जाते. त्या छायाचित्रातील मुलगी किती वर्षांची होती, हे मला जाणून घ्यायचे होते.

परदेशी भित्तिपत्रकांच्या दालनातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. हँबर्गच्या फ्रीडलेंडर छापखान्याने शिळाप्रेसवर छापलेली सर्कशीची भित्तिपत्रके आज अभ्यासता येतात, कारण छापखाना त्यांच्यावर क्रमांक घालत असे आणि संग्राहकांनी ती जपली. भित्तिपत्रक हे मुळात भिंतीवर चिकटवून पावसात संपून जाण्यासाठीच असते, त्यामुळे कुणी मुद्दाम बाजूला काढून ठेवले तरच ते उरते. आपल्याकडे गावात सर्कस येण्यापूर्वी हँडबिले वाटली जात, तंबूवरून रात्री प्रकाशाचा झोत आकाशात फिरवला जाई. त्यांतली हँडबिले कुणी ठेवली असतील तर ती जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत असतील. त्यांच्यावर बहुतेक वेळा कलावंतांची नावे छापलेली असत. आज जी छायाचित्रे अनामिक म्हणून टांगली आहेत, त्यांची उकल अशा हँडबिलांवरून, पगाराच्या वह्यांवरून आणि मुक्कामांच्या नोंदींवरून होऊ शकते. सर्कशी एकेक करून बंद पडत असताना तंबू, खांब आणि गाड्या विकल्या जातात आणि या वह्या मात्र रद्दीत जातात. राज्याच्या पुराभिलेख विभागाने आणि सांगली-कोल्हापूर भागातील संग्रहालयांनी त्या मागून घ्याव्यात, अशी माझी आपल्यामार्फत विनंती आहे. त्याला फार मोठा खर्च लागणार नाही, फक्त उशीर परवडणार नाही.

माणसे अजून आहेत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. १९६० आणि १९७० च्या दशकांत झुल्यावर आणि तारेवर खेळ केलेल्या कित्येक स्त्रिया आज आपल्याकडे आणि केरळात आपापल्या घरी निवृत्त आयुष्य जगत आहेत. केरळ शासन निवृत्त सर्कस कलावंतांना निवृत्तिवेतन देते, म्हणजे तेथे निदान काही नावांची सरकारी नोंद आहे. महाराष्ट्रात वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. तिचा लाभ तमाशा, कीर्तन, शाहिरी अशा कलांच्या बरोबरीने सर्कशीच्या कलावंतांनाही निःसंदिग्धपणे मिळावा, त्यासाठी अर्ज करताना त्यांच्याकडे पुरावा म्हणून काय असणार याचाही विचार व्हावा. ज्यांचे नाव कुठे छापलेच गेले नाही, त्यांना आपण कलावंत होतो हे सिद्ध करणे अवघड जाते, आणि कलादालनातील त्या अपुऱ्या चिठ्ठ्यांचा हा अगदी व्यवहारातला परिणाम आहे.

हे प्रदर्शन आणखी काही शहरांत जाणार असल्याचे तेथे सांगण्यात आले. त्याआधी करता येण्याजोगी एक गोष्ट सुचवते. भारतीय सर्कशीच्या भिंतीशेजारी एक टेबल आणि एक जाड वही ठेवावी, प्रत्येक छायाचित्राला क्रमांक द्यावा आणि कुणाला ओळखीचा चेहरा दिसल्यास नाव, सर्कस आणि अंदाजे वर्ष लिहून ठेवण्याचे आवाहन करावे. छायाचित्रांच्या छोट्या प्रती आपल्या दैनिकाने छापल्या तर ज्यांना दालनापर्यंत येणे जमत नाही अशा वृद्ध कलावंतांच्या घरीही त्या पोहोचतील. सूचना मराठीबरोबर मल्याळममध्येही द्यावी आणि तलश्शेरी-कण्णूर भागातील एखाद्या वृत्तपत्राकडे त्याच प्रती पाठवाव्यात, कारण छायाचित्रांतील बऱ्याच मुली तिकडच्या असण्याची शक्यता आहे. जी नावे खात्रीने मिळतील त्यांच्या नव्या चिठ्ठ्या पुढच्या मुक्कामापूर्वी छापून घ्याव्यात, आणि जिथे मिळणार नाहीत तिथे ‘झुल्यावरील मुलगी’ हे शीर्षक काढून ‘नावाचा शोध सुरू आहे’ असे लिहावे.

आपली,
एक वाचक